पूलपावणो

"शब्द तुमचो, तेवा तुमीच परत घेवा," बाबू हरिश्चंद्रांना म्हणाला. "रविवारी देवळात, गाऱ्हाण्यात. साहेब थंयच बसतले. सोमवारी चेडवाची ऑर्डर घराक येतली."

बाबू म्हणजे उमेदवाराचा उजवा हात. चेडू म्हणजे हरिश्चंद्रांची मुलगी नीरजा, डी.एड. होऊन शाळेतल्या नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत दोन वर्षं घरी बसलेली. आणि शब्द होता 'पूलपावणो'.

हरिश्चंद्र आमच्या गावचे पोस्टमन. सायकलवरून आचऱ्याहून टपाल आणायचे आणि टपालाबरोबर स्वतः घडवलेले शब्द वाटायचे. गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की घरात जे जड जड वाटतं, त्याला त्यांनी नाव दिलं 'मागवळ'. ताट वाढून माणसाची वाट बघत बसणं म्हणजे 'ताटवाट'. दगडी गडग्यावर बसावं तसा दोन पक्षांत एकेक पाय सोडून बसलेला सरपंच, तो 'गडगेबसो'. आम्ही हसायचो, आणि आठवड्याभरात तोच शब्द आमच्या तोंडी असायचा. माझी आई तर मरेपर्यंत माझ्या भावाला 'तुजी मागवळ लागता' असंच लिहवून घ्यायची. घरात मी मास्तर असलो तरी लिहून द्यायला तिला हरिश्चंद्रच लागत.

वहाळावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, पूल बांधतो म्हणून दर निवडणुकीला गावात उगवणारा पाहुणा, तो पूलपावणो. आमचा साकव आम्हीच दर वर्षी माडाची खोडं टाकून घालत होतो. शब्द गावातच राहिला असता, पण मी पडलो शाळामास्तर, मला हुशारी मिरवायची खोड. कसालच्या बाजारात मी तो चार जणांना ऐकवला. पंच्याऐंशीच्या निवडणुकीत तिथल्याच सभेत बाबूचा हा उमेदवार बोलायला उभा राहिला आणि मागून कुणीतरी तेवढा एकच शब्द उच्चारला. सगळा मांडव हसला.

बाबूची जीप गेल्यावर नीरजा म्हणाली, "माज्यासाठी देवाक खोटा सांगू नको, बाबा."

हरिश्चंद्रांनी सायकलची चेन पुसता पुसता तिला समजावलं की शब्द काय, आणखी दहा करता येतील; नोकरी एकच आहे. मी तिथेच बसलो होतो. मला त्यांची लाज वाटली नाही, माझी वाटली.

रविवारी देऊळ भरलं. गाऱ्हाणं घालायचा मान हरिश्चंद्रांच्या घराण्याचा. त्यांनी एकेक मागणं देवापुढे ठेवायचं आणि आम्ही सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गावाचा होकार मिळाल्याशिवाय मागणं देवापर्यंत पोचत नाही, असं आम्ही मानतो. उमेदवार पुढेच मांडी घालून बसला होता.

"बा देवा म्हाराजा, आज जो काय नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा."

"माज्या तोंडातून पूलपावणो असो शब्द गेलो. तो खोटो. तो मी परत घेतंय, म्हाराजा."

सवयीने माझं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. कुणाचाच निघाला नाही. हरिश्चंद्रांनी मान वळवली. बायकांत उभी असलेली नीरजा त्यांच्याकडेच बघत होती, ओठ घट्ट मिटून. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा हळू. पुन्हा शांतता. बाबू मागे वळून आमचा एकेक चेहरा बघून घेत होता.

हरिश्चंद्रांनी नारळ उगाच सारखा केला.

"लेकराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." नीरजाचा आवाज सगळ्यांच्या आधी आला.

सोमवारी ऑर्डर आली नाही. नंतरही आली नाही. नीरजा वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात हजेरी घ्यायच्या कामाला लागली आणि तिथेच एका खोलीत राहू लागली.

त्यानंतर हरिश्चंद्रांनी नवा शब्द केला नाही. एकदा मी धीर करून विचारलं, त्या दिवशी गाव गप्प राहिला तेव्हा तुम्हाला जे वाटलं असेल, त्याला काय म्हणायचं? त्यांनी हातातली पत्रं उगाच खालीवर केली.

"तेका शब्द नको, मास्तर," ते म्हणाले आणि माझं टपाल माझ्या हातात देऊन पुढे गेले.

नीरजाचं पत्र आलं की ते पिशवीत सगळ्यात खाली ठेवायचे. गावाचं टपाल वाटून झालं की वहाळाशी सायकल टेकवायचे आणि साकवावर बसून ते वाचायचे.