दुसरं सिलिंडर

१

आमच्या गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत, पण त्यांत ठिणगी ओळीनं पडत नाही. एक, तीन, चार, दोन असा तिचा क्रम. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच कळत होतं की तेलगावहून बीडला निघालेली आमची जुनी पेट्रोल गाडी वडवणीच्या पुढच्या चढाला लंगडते आहे, समोर पिवळा दिवा लागला आहे आणि मागं मामा बसले आहेत. मामा म्हणजे माझे सासरे, बद्रीनाथ. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला न्यायचं आणि मशीनवरून उठले की मागच्या सीटवर आडवं करून घरी आणायचं. नवरा पुण्याला कंपनीत. त्यामुळं हे काम माझं आणि गाडीचं.

"सत्यशीला, गाडी उचक्या द्यायलीय का मीच?"

"गाडी, मामा."

"मग चालतंय."

३

बीडच्या एका गॅरेजवाल्यानं उभ्या गाडीला स्कॅनर जोडला, ऑक्सिजन सेन्सर गेला म्हणून सांगितलं आणि नवा बसवून दिला.

"मला अजून ऑक्सिजन लागला न्हाई, हिला आधी लागला," मामा म्हणाले. जुना सेन्सर त्यांनी मागून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

परतीच्या पहिल्याच चढाला पुन्हा झटके, पुन्हा दिवा. गाडीत कच्च्या पेट्रोलचा वास भरला. रक्त धुऊन आधीच गळालेला माणूस. मामांना उलटी झाली. मी गाडी कडेला घेतली, त्यांची पाठ चोळत उभी राहिले. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, आणि मध्ये आमची धापा टाकणारी गाडी. तिचा राग यायला हवा होता. मला तिची दया आली.

गॅरेजवाल्याला फोन केला, तर म्हणाला, "जुनी झाली. भंगारात द्या."

४

मामांनी ठरवूनच टाकलं. तलवाड्याचं एक गिऱ्हाईक सकाळी गाडी न्यायला येणार होतं.

"मी यष्टीनं जाईन."

"आन् येताना?" आत्यांनी विचारलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वच्छलाबाई.

"येताना बी यष्टीच."

मशीनवरून उठल्यावर मामांना धड उभं राहता येत नाही. एसटीत दांडीला लोंबकळणारे मामा माझ्या डोळ्यांपुढं आले आणि मी फाट्यावरच्या हनुमान मेकॅनिकला फोन लावला. कारखाना सुरू व्हायची वेळ, त्याच्या गॅरेजपुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. तरी तो म्हणाला, येतो वहिनी, पण तोवर गाडी

२

१

धुऊ नका, असं म्हणत होता तो. मध्येच फोन तुटला होता.

सकाळी गिऱ्हाइकाच्या आधी हनुमान आला. बॉनेट उघडलं. थंड इंजिनावरून लाल मुंग्यांची रांग चालली होती.

"ह्या कावून इथं?" तो म्हणाला. त्यानं फुंकर मारली आणि स्कॅनर काढला. "उभ्या गाडीचा रोग कळत न्हाई. भार पायजे. बसा सगळे."

३

सगळे म्हणजे मामा, आत्या आणि डिकीत सरकीची दोन पोती. मी चालवायला, शेजारी हनुमान, स्कॅनर मांडीवर.

"मला भार म्हून घेतलंस का बे?" मामा मागून म्हणाले.

"तुमचा कसला भार काका? भार काकूंचा हाय."

आत्यांनी पुढं वाकून त्याच्या डोक्यात टपली मारली. तेवढ्यात चढ आला, गाडी थरथरली आणि हनुमान ओरडला, "दोन नंबर! बाकीचे तिघं ओढायलेत, दोन नंबर झोपलाय."

"मग सेन्सर?" मी विचारलं.

"त्यो सायलेन्सरच्या नळीत बसून धूर हुंगतो. दोनमधी ठिणगी पडंना, मग तिथली हवा न जळता तशीच भाईर येती. सेन्सर म्हणतो, हवा लई झाली. मग गाडी जास्तीचं पेट्रोल सोडती. म्हून वास. सेन्सर खरंच बोलत होता, वहिनी. लोकांनी त्यालाच काढला."

४

घरी येऊन, इंजिन निवल्यावर त्यानं दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगवरची रबरी टोपी उपसली. आतला खड्डा तपकिरी, चिकट. त्याच्या तळाशी मेलेल्या मुंग्या. हनुमाननं बोट लावून वास घेतला.

"गोड हाय. कुणी सांडलं काय?"

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

"दसऱ्याला म्या नारळ फोडला."

"चाकापुढं फोडतेत की गं!" मामा म्हणाले.

"चाकानं काय केलं? तुमाला जित्तं घरी आणतंय, ते आत हाय."

मामांनी बॉनेटखाली वाकून बघितलं.

"आन् डाक्टरनं तुमाला नारळपाणी बंद केलंय," आत्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुमच्या वाटंचं हिलाच पाजलं."

आधी मामा हसले. मग त्यांना खोकला आला, मग पुन्हा हसले आणि डोळे पुसत ओट्यावर बसले. "ह्या पाण्यानंच ठिणगी खाल्ली," म्हणत हनुमाननं खड्डा पुसून कोरडा केला, नवा प्लग आणि नवी टोपी बसवली. मामांनी खिशातून जुना सेन्सर काढून त्याला दाखवला.

"चांगला हाय का रे ह्यो?"

"झकास हाय. ठिवा जपून."

तलवाड्याचं गिऱ्हाईक आलं तेव्हा मामाच पुढं झाले. "चहा घ्या," म्हणाले. "गाडी मिळणार न्हाई."

आत्यांनी घरातून नारळ आणला, हनुमानच्या मोटरसायकलच्या चाकापुढं, जमिनीवर फोडला आणि पाणी त्याला प्यायला लावलं.

२

मंगळवार. बीडहून परत. आज आत्या माझ्या शेजारी. चढ आला. मी गिअर बदलला, श्वास रोखला. काहीच झालं नाही. गाडी चढत राहिली. दिवा विझलेला.

मागून बारीक घोरणं आलं. मामांकडं आरशात बघायला गेले, तर आत्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"पुढं बघ," त्या कुजबुजल्या. "झोपलेत."