तुळसाबाईचं वांग्याचं बी

कपाशीनं गावाला रडवलं त्या वर्षांत प्रभावतीनं घाटंजीजवळच्या आपल्या गावात भाजीच्या रोपांची नर्सरी काढली. धंदा चालला. ट्रेमध्ये भरायला ती कोकोपीट आणायची. नारळाच्या काथ्याचा हा भुसा भुसभुशीत, त्यात पाणी साचत नाही, रोप सडत नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मास्तरणीसारखं समजावून सांगायची.

शेजारची म्हातारी तुळसाबाई राखेत जपलेलं गावरान वांग्याचं बी घेऊन आली. "सासूनं मले देल्लं होतं. यंदा डोयानं दिसत नाही. तूच रोपं करून दे वं."

कोकोपीट गिऱ्हाइकांच्या हायब्रीड वांग्यापुरतंच उरलं होतं. नवीन येईपर्यंत थांबता आलं असतं. पण घरची माणसं काय, चालवून घेतात! प्रभावतीनं कपाशीच्या वावरातली काळी माती ट्रेमध्ये दाबून भरली. वर स्वतःची समजूत घातली, की गावरान बियाला गावचीच माती बरी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

ती माती ट्रेच्या इवल्या खणांत चिखल होऊन बसली. बी उगवलं, आणि थोड्याच दिवसांत रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. एकही वाचलं नाही.

मग तिनं आणखी एक पाप केलं. कोकोपीटमधली हायब्रीड रोपं उचलून तुळसाबाईच्या अंगणात नेली.

म्हातारीनं पानांवरून हात फिरवला. "लय गुटगुटीत झाली वं! तुह्या हाताले गुण आहे."

प्रभावतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती गप्प राहून निघालीच असती, पण तुळसाबाई म्हणाली, "पयलं वांगं बियाले ठेवीन. अर्धं बी तुले."

"मावशी, हे तुमचं वांगं नाही," प्रभावतीला रडूच फुटलं. "तुमची रोपं मेली. कोकोपीट वाचवलं अन् तुमचं बी काळ्या मातीत टाकलं मी. थोडं ठेवलं असंन ना घरी?"

"नाही वं. उंदरं खातीन म्हणून सारंच तुले देल्लं."

म्हातारीनं शिव्या दिल्या नाहीत. ट्रे मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाली, "मंग हिवाळ्यात भरीत केलतं, ते शेवटचंच. माह्या तोंडाले आता चव नाही. तुह्या घरी वाटीभर धाडलं होतं. कसं लागलं होतं वं?"

प्रभावतीनं आठवून पाहिलं. त्या दिवशी दारात गिऱ्हाईक उभं होतं. कशाशी जेवली तेही तिला कळलं नव्हतं.

"लय गोड होतं, मावशी," ती म्हणाली.