पऱ्हाटी कट्ट्यावरचा माउस

मित्रांनो, टेबलाच्या कोपऱ्यात शेपटीसारखी वायर गुंडाळून पडलेला हा काळा, झिजलेला माउस दिसतोय ना? तोच मी. "म्हातारा झालास, आता स्वस्थ बस," असं जो तो मला सुनावतो. पण स्वस्थ बसणं माझ्या कुंडलीतच नाही. अंगावर हात नसला की मला करमत नाही, आणि हात पडला की मी एका जागी राहत नाही. आज तर जीव जास्तच वरखाली होतो आहे. म्हणून म्हटलं, तुम्हाला सारं सांगून टाकावं.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. यवतमाळच्या एका दुकानात मी खोक्यात पडून होतो. शीलाताई कचेरीतून निवृत्त झाल्या आणि मला कॉम्प्युटरसकट घरी घेऊन आल्या. "या वयात काय गेम खेळणार?" अशी घरात थट्टा झाली. ताईंनी गेम खेळला नाही. त्यांनी इंटरनेटवर 'पऱ्हाटी कट्टा' सुरू केला. पऱ्हाटी म्हणजे आमच्या वऱ्हाडातली कपाशी. बाभुळगाव, नेर, वणीकडचे शेतकरी कट्ट्यावर येत, पानांचे फोटो टाकत, बोंडअळीवर उपाय विचारत आणि मधूनच तुरीच्या भावावरून भांडत. ताई आणि वणीला राहणारा त्यांचा भाचा मंदार हे दोघे कट्ट्याचे राखणदार.

पण जिथे पीक तिथे तण. घरबसल्या श्रीमंत करणारे, टक्कल घालवणारे, जादूचं खत विकणारे असे कितीतरी खोटे पाहुणे कट्ट्यावर उगवू लागले. त्यांना ओळखायचं कसं, हे ताई हळूहळू शिकल्या. खातं आजच उघडलेलं, ना राम राम ना ओळखदेख, आणि तोंड उघडलं की दुकानाचा पत्ता. एकच मजकूर प्रत्येक चर्चेत चिकटवलेला. नावं वेगवेगळी, पण सगळी खाती एकाच मोबाईलवरून. आणि कुणी उलट प्रश्न विचारला की चिडीचूप! अशा खात्यावर बंदी घालायची. ताई या कामाला 'निंदण', म्हणजे तण काढणं, म्हणत. सकाळचा चहा झाला की निंदायला बसत आणि येईल तो मजकूर मोठ्यानं वाचत, त्यामुळे मलाही सगळं कळे.

"मावशी, तुझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," मंदार फोनवर म्हणायचा. नजर ताईंची होती, पण दाबलं जायचं माझं डावं बटण. मी उगाच फुगायचो.

दाबून दाबून ते बटण झिजलं. एकदा दाबलं तर लागेना, दोनदा दाबावं लागे. मग मंदारनं नवा माउस आणला. बिनवायरचा, गुळगुळीत, हाक मारायच्या आधी ओ देणारा. "मावशी, तो जुना दे फेकून," तो म्हणाला. ताईंना वस्तू फेकवत नाही. त्यांनी मला तसाच जोडलेला ठेवून कॉम्प्युटरच्या पडद्यामागे सरकवलं. तिथे धुळीत पडून मी नव्याची टकटक ऐकत असे. मित्रांनो, आपलं काम दुसऱ्यानं आपल्यापेक्षा झटपट करावं, याचं दुःख ज्याचं त्यालाच कळतं.

यंदा फवारणीचे दिवस आले आणि एका संध्याकाळी कट्ट्यावर पाच-सहा नवी खाती उगवली. सगळी बायकांच्या नावाची, सगळी एकाच मोबाईलवरून आणि सगळ्यांचा मजकूर एकच. 'हिरव्या झाकणाची बाटली फवारू नका. माणसं पडली.' प्रत्येक चर्चेत तेच आणि तेच.

"दुसऱ्या कंपनीचे लोक असतील," ताई म्हणाल्या. "आपलं औषध खपावं म्हणून या बाटलीचं नाव खराब करतात." टक, टक, टक! नव्या माउसनं सगळ्यांना बाहेर घालवलं. दुसऱ्या दिवशी ती नावं बदलून परत आली. पुन्हा टकटक. ताईंची काय चूक म्हणावी? तणाची सगळी लक्षणं त्यात होती. पण पडद्यामागे मला चैन पडेना. हा कसला विक्रेता, जो काहीच विकत नाही?

तिसऱ्या सकाळी ताई बंदी घालायला बसल्या तर नव्या माउसचे सेल संपलेले. चडफडत त्यांनी मला पुढे ओढलं. बटण दाबलं. लागलं नाही. "मेला, आजच हटून बसलाय!" असं म्हणून त्या पुन्हा दाबणार, तोच त्यांची नजर नव्या मजकुरावर गेली आणि त्यांनी तो वाचला.

'बाई, तुम्ही मले काहून हाकलून राह्यल्या? मी काही इकून नाही राह्यली.'

ताईंचं बोट माझ्यावर तसंच राहिलं. खोटी खाती कधी 'काहून' विचारत नाहीत. ताईंनी लिहिलं, 'तुम्ही कोण?' आणि लगेच उत्तर आलं. नाव रुपीबाई, बाभुळगावकडचा तांडा, खाली फोन नंबर. ताईंनी फोन लावला आणि टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात ऐकला.

"अवो, बचत गटात चांगला मोबाईल एकच हाये, खुशी नावाच्या पोरीचा," रुपीबाई सांगत होती. "एकीनं सांगतलं तर बाईचं बोलणं म्हणून सोडून देतेत. म्हणून आमच्या तांड्यात बैठक बसली का सगळ्या बाया एकामागून एक उठतेत अन् तेच सांगतेत. तसंच तुमच्या कट्ट्यावर बी सांगतलं."

"आणि ती बाटली?"

"माह्या मालकानं फवारली. डोयाले दिसेना, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात हायेत. अन् बाटली तुमच्याच कट्ट्यावर वाचून आणलती, बाई."

ताईंनी मला फिरवत कट्ट्यावरची जुनी चर्चा शोधली. बाटली सुचवणारा 'शेतसोबती' नावाचा सभासद कट्ट्यावर जुना होता. गेले कित्येक महिने रोज सगळ्यांना राम राम करायचा, लग्नकार्याच्या शुभेच्छा द्यायचा. ताईंना तो भला माणूस वाटायचा. आता ताईंनी त्यालाही विचारलं, 'तुम्ही कोण? कुठले?' तो चिडीचूप.

त्या दिवशी ताईंनी माझं बटण दोन वेळा दाबलं आणि शेतसोबतीला बाहेर काढलं. रुपीबाईच्या सगळ्या मैत्रिणींना आत घेतलं. मग स्वतःच्या नावानं कट्ट्याच्या माथ्यावर लिहिलं, 'मी चुकले. या बाया खरं सांगत होत्या. ती बाटली फवारू नका.'

त्यानंतर उत्तराची वाट बघणं आलं. ताई उठत, पाणी पीत, पुन्हा येऊन बसत. कुणी आधीच फवारली असेल तर? शेवटी नेरच्या विठ्ठलरावांचा मजकूर आला. 'ताई, पंपात औषध भरलं होतं. पोरगी समीक्षा मोबाईल घेऊन शेताच्या धुऱ्यावर पळत आली. पंप खाली ठेवला.' ताईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि बराच वेळ हात माझ्यावरच ठेवला.

रुपीबाईचे मालक आता घरी आलेत, पण डोळे अजून चुरचुरतात म्हणे. आज तपासणीला गेले आहेत. ताई निरोपाची वाट बघताहेत, आणि माझाही जीव त्यातच अडकला आहे.

नव्या माउसला सेल मिळाले. बाकीची कामं तोच करतो, पण बंदी घालायची वेळ आली की ताई मलाच पुढे ओढतात. मंदार हसतो. "एका दाबात काम होत नाही त्याचं." ताई म्हणतात, "म्हणूनच."

मित्रांनो, झिजलेल्या वस्तूंना लगेच भंगारात काढू नका. आणि कुणाला दाराबाहेर काढायला बोट उचलाल, तेव्हा ते घटकाभर तसंच धरा आणि आधी विचारा, "बाई, तू कोण?"