उजव्या कानाची पाळी

मुलाला पाद्री करणाऱ्या सेमिनरीचा फॉर्म बुधवारपासून आमच्या फ्रिजवर पडून होता आणि बुधवारपासून माझ्या पायाला भिंगरी लागली होती. फ्रिजच तीनदा पुसला. फॉर्म उचलायचा, खालून पुसायचं, परत ठेवायचा. शनिवारी पास्कलच्या हॉटेलातला एक जण मुंबईला निघणार होता, तो फॉर्म वसईला पोचवणार होता. पास्कलची सही कधीच ठोकून झाली होती. माझ्या नवऱ्याला सही करायला वेळ लागत नाही, मग ती लाइटबिलावर असो की पोटच्या पोरावर. माझी तेवढी राहिली होती. आणि सहीच्या वर एक रकाना कोरा होता: मुलात काही शारीरिक व्यंग आहे का? असल्यास केव्हापासून, कशामुळे?

रसेलला उजव्या कानाने ऐकू येत नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कशामुळे, ते फक्त मला.

१९९२ साली आम्ही ओमानमधल्या सूरला होतो. पास्कल तिथे मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, मी घरात, रसेल चार वर्षांचा. कान दुखतो म्हणून पोर दोन दिवस रडत होतं. माझ्या आईने केलं असतं तेच मी केलं, खोबरेलात लसूण कढवली आणि ते तेल कानात सोडलं. आधी बोट बुडवून बघायचं असतं, तेल निवलंय की नाही ते. मी बघितलं नाही. रडण्याने माझं डोकं उठलं होतं. इस्पितळातल्या इजिप्शियन डॉक्टरने विचारलं, "कानात काही घातलं होतं?" मी म्हटलं, "नो." पास्कल शेजारीच उभा होता. ताप डोक्यात गेला आणि कान गेला, असं तो आजवर सगळ्यांना सांगत आलाय.

आता इकडे आड, तिकडे विहीर. रकाना भरला, तर कदाचित ते पोराला घेणार नाहीत आणि तो माझ्याजवळ राहील. पण कशामुळे ते लिहावं लागणार. कोरा सोडला, तर माझी लाज राहील आणि एकुलता एक मुलगा जाईल. मला मुलगाही हवा होता आणि लाजही राखायची होती.

दर शुक्रवारी इथे मस्कतला रुवीच्या चर्चमध्ये मी लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. त्या शुक्रवारी मी पुस्तकातला धडा बाजूला सारला आणि अहरोनाची दीक्षा काढली. मोशेने आपल्या भावाला याजक कसं केलं, ती गोष्ट. मनात डाव होता. बायबलातल्या लेवीयच्या पुस्तकात पुढे लिहिलंय की अहरोनाच्या वंशात ज्याच्या अंगी व्यंग असेल, त्याने वेदीजवळ येऊ नये. रसेल समोर असताना ते मोठ्याने वाचायचं. आजचं चर्च त्यावर अडून बसत नाही, हे मलाही कळतं. पण पोराच्या मनात काटा तर रुतेल! आई असं करते का? करते. मी करायला निघाले होते.

मुलांनी खुर्च्या लावायला आलेल्या अठरा वर्षांच्या रसेललाच अहरोन केलं. माझी पांढरी चादर त्याच्या अंगावर घातली, हातपाय धुतले. बळी दिलेल्या एडक्याचं रक्त म्हणून वाटीत व्हिम्टोचं लाल सरबत होतं. आधी रक्त लावायचं आणि मग हातात भाकर द्यायची, असा क्रम. पण आठ वर्षांच्या क्लिफर्डला धीर कुठला! त्याने आधीच दोन खुबूस, इकडचे अरबी पाव, रसेलच्या हातांवर ठेवले.

"आता ते देवापुढे ओवाळ," मी म्हटलं. रसेलने ओवाळले. "आता मोशे ते त्याच्या हातातून काढून घेतो आणि वेदीवर जाळतो."

"सगळं?" क्लिफर्डने विचारलं. "मग टीचर, दिलं कशाला? हँड्स तर एम्प्टी झाले."

"देवाचं होतं ते. याजकाच्या हातात देतात, ते ओवाळून परत सोडायला," मी म्हटलं. बोलून गेले आणि मग माझंच मला ऐकू आलं. रसेल जन्मला तेव्हा मीही त्याला दोन्ही हातांवर असंच धरलं होतं.

दहा वर्षांची तान्या मोशे होती. तिने वाटीत बोट बुडवलं. "टीचर, कुठे लावू?"

"उजव्या कानाच्या पाळीला. मग उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला. कान देवाचं ऐकायला, हात त्याचं काम करायला, पाय त्याच्या वाटेने चालायला."

तान्या रसेलच्या उजव्या बाजूला गेली आणि हळूच म्हणाली, "रेडी?" तो समोर बघत राहिला. तिने पुन्हा विचारलं. मुलं हसायला लागली. मला हवी होती तीच वेळ होती. मी बायबल उघडलं, खुणेचं पान काढलं आणि वाचायला लागले, "ज्याच्या अंगी काही व्यंग असेल..."

"मम्मी, मला माहितेय पुढचं," रसेल म्हणाला. तो माझ्या ओठांकडे बघत होता. मग तान्याकडे वळला. "डाव्या कानाला लाव. उजव्याला ऑलरेडी तेल लागलंय. मी फोर इयर्सचा होतो, मम्मीने लावलं."

माझ्या हातातलं पुस्तक मिटलं.

"तुला आठवतं?" मी विचारलं.

"लसणीचा वास आठवतो," तो म्हणाला. "आणि तू माझ्यापेक्षा जास्त रडलीस ते." तान्याने त्याच्या डाव्या कानाला लाल बोट लावलं. त्याने ते पुसलं नाही. चौदा वर्षं माझं पाप त्याला माहीत होतं आणि त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. पाद्र्याला लोकांचं कन्फेशन ऐकायला आणखी काय लागतं, मला कळत नाही.

घरी आले आणि चप्पल न काढताच फॉर्म खाली घेतला. रकान्यात लिहिलं: उजवा कान. १९९२, सूर. आईने कढत तेल घातलं आणि डॉक्टरशी खोटं बोलली. खाली सही केली.

पास्कल टीव्ही बघत होता. फॉर्म घ्यायला त्याने हात पुढे केला. "झाली सही? खलास?"

"झाली," मी म्हटलं. "पण आधी वाच."