पा म्हणजे पाणी

"अकरा वर्षं तोंड मिटून बसलीस ना? मग आजचा एक तास बसायला काय जातंय तुझं?" आई ताईवर खेकसली.

"माझं नाव जातंय, आई!" ताईने कार्यक्रमाचा कागद तिच्यापुढे नाचवला. वर विभागप्रमुख सरांचं नाव, जाड अक्षरात. ताईचं पार तळाला, 'आभार'मध्ये, झेरॉक्सवाल्याच्याही खाली.

ताई अकरा वर्षं विद्यापीठात शिकवतेय, तासांवर, म्हणजे जितके तास तितके पैसे. तास संपला की ती तिथली कुणीच नाही. दर महिन्याला तिथले प्राध्यापक जमतात आणि आपापलं संशोधन एकमेकांना सांगतात. रीत अशी, की पर्मनंट माणसं बोलतात आणि तासांवरची खुर्च्या लावतात. तासांवरच्यांनी केलेलं काम विभागप्रमुख स्वतःचं म्हणून वाचतात. याला तिथे चोरी नाही, परंपरा म्हणतात. आणि गंमत बघा, पर्मनंट व्हायचं तर त्याच सभेत स्वतःच्या नावावर बोलल्याचं पत्र लागतं. मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. वयात बसायची ताईची ही शेवटची वेळ.

आमच्या वस्तीतली पोरं शाळा का सोडतात, हे शोधत ताई दोन वर्षं दारोदार फिरली. एकशे चाळीस घरं. एकतिसावं आमचंच, कारण मी सातवीतून सुटलोय. सर तिला म्हणाले होते, "एखादा नमुना घेऊन या, लोकांना आवडतं." तो नमुना मी. आईसुद्धा मला नमुनाच म्हणते, पण तिने मला कधी लोकांपुढे उभं नाही केलं.

हॉल थंडगार. बशीत बिस्किटं. पडद्यावर ताईचा तक्ता, प्रत्येक घरापुढे शाळा सुटल्याच्या कारणाचं एकेक अक्षर.

"एकशे चाळीसपैकी सत्त्याण्णव घरांपुढे 'पा' आहे," सर म्हणाले. "म्हणजे पालक! पालकांची उदासीनता."

माना डोलल्या. एका मॅडमने तर वहीत उतरवून घेतलं.

अहो, 'पा' म्हणजे पाणी! आमच्याकडे टँकर येतो ऐन शाळेच्या वेळेला. आई फॅक्टरीत, ताई तासाला. रांगेत कोण उभं राहणार? मी राहिलो. हजेरी बुडत गेली आणि एक दिवस नाव कापलं. सर एकदा वस्तीत आले असते तरी कळलं असतं. त्यांनी ताईच्या वह्यासुद्धा उघडल्या नव्हत्या.

"हा एकतीस नंबर," सर माझ्याकडे बघून गोड हसले. "काय रे, घरच्यांचं लक्ष नव्हतं ना?"

ताई उठली. "सर, पा म्हणजे पाणी. घरं मी फिरलेय, तक्ता माझा आहे. पुढचं मी सांगते."

मग सर म्हणाले, "टायपिंग मॅडमचंच होतं. आता चूकही त्यांनाच सापडली!" हशा पिकला. "बसा मॅडम, चहाच्या वेळेला बोलू."

माझं डोकं सटकलं. "दात काय काढताय? एक दिवस रांगेत उभे राहा! आणि माझ्या आईला मध्ये आणायचं काम नाही, सांगून ठेवतो!"

सर रागावलेसुद्धा नाहीत. शांतपणे लोकांकडे वळले. "बघितलंत? मी सांगत होतो ते हेच. घरचं वळण."

टाळ्या पडल्या. सरांचं संशोधन मीच खरं करून दिलं होतं.

ताईच्या शेजारी तिच्यासारखेच सहाजण बसले होते, सगळे तासांवरचे. 'पा' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. नंतर जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर होतं." जिन्यात! हॉलमध्ये जीभ गहाण ठेवली होती का? तुम्ही वाचताय ना हे? तुम्ही असता तर कुठे बोलला असता?

ताईला पत्र मिळालं नाही. मुलाखतही गेली. पुढच्या टर्मच्या वेळापत्रकात तिच्या नावावर पांढरी शाई होती. सरांचा अहवाल वरपर्यंत गेला आणि वस्तीत नळाऐवजी एक बाई आली, पालकांना समजवायला. सकाळी दहाला आली. सगळी वस्ती टँकरच्या रांगेत. बाईंनी दहा मिनिटं वाट बघितली, 'पालक गैरहजर' असं लिहिलं आणि गेल्या.

आई आता ताईला काहीच बोलत नाही. ते जास्त वाईट आहे. मी ताईला म्हटलं, तू परत लिही, तुझ्या नावाने. ती म्हणाली, "वाचणार कोण?" म्हणून मग मीच...

टँकरचा हॉर्न वाजला. ताई कॅन घेऊन पुढे गेलीसुद्धा, तिला आता सकाळी वेळच वेळ आहे. दुसरा कॅन मला न्यायचाय. निघतो.