शके अधिक अठ्ठ्याहत्तर

आमच्या मराठी मंडळातल्या गुणवंत पाठाऱ्यांनी माझी वही दोन दिवसांसाठी नेली आणि दोन महिन्यांनी परत आणली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

१९९७ च्या मार्चमध्ये आखातातल्या रुवैसला रोज संध्याकाळी धूमकेतू दिसायचा. मी तिथल्या शाळेत गणित शिकवत होते. वागिनेम ही आमच्या शाळेतली आया, जावा बेटावरची. पोरांकडून शिकलेल्या हिंदीत ती म्हणाली, "टीचर, ये पूँछवाला तारा दादाजी के किस्से में है."

मग वर्षभर मधल्या सुट्टीत ती सांगत गेली, मी वहीत लिहीत गेले. एका गोष्टीत असा तारा उगवतो आणि राजाच्या कोठाराचा पहारेकरी दार उघडून उपाशी गावाला भात वाटतो. तो पहारेकरी तिच्या घराण्यातला. साल शके १७३८. गोष्टीतला धूमकेतू कुठला, ते मी शोधून काढलं. तो हिशेब मात्र वेगळ्या कागदावर होता.

मंडळाच्या स्मरणिकेची प्रुफं शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आली. 'जावाच्या दंतकथांतले धूमकेतू', लेखक गुणवंत पाठारे. वाक्यंसुद्धा माझी. वागिनेमचं नाव नाही. साल दिलं होतं १८१६.

मी फोन केला. "भावजी, लेखावर माझं नाव कुठाय?"

"अहो वहिनी, कमिटीला टेक्निकल बॅकग्राउंडचा माणूस हवा होता. तुमचं हळदीकुंकवाच्या फोटोंचं पान आहेच की!"

मी त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. १८१६ ला हात लावला नाही. पुण्याचे खगोलशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राजन केळकर खलिफा सिटीत मुलीकडे आले होते. त्या लेखावरच्या पाठाऱ्यांच्या भाषणाला त्यांनाच प्रमुख पाहुणे म्हणून बोलवा, असं मीच मंडळाला सुचवलं. वागिनेमला शेजारी घेऊन मी शेवटच्या रांगेत बसले.

भाषण संपल्यावर केळकर म्हणाले, "१८१६ साली एवढा मोठा धूमकेतू? मला तरी ठाऊक नाही."

पाठाऱ्यांनी कागद चाळले, मग हसले. "सर, शेवटी आयाबाईच्या गप्पा! तिच्या आजोबांनी ठोकली असेल थाप."

सगळा हॉल मागे वळून हसला. वागिनेमने मला विचारलं, "दादाजी को झूठा बोला?"

मी उभी राहिले. "भावजी, साल कसं काढलंत?"

"शके आहे ना? प्लस सेव्हंटी-एट. पोरंही सांगतील."

"ते आपल्या शकाला. जावाच्या सुलतानाने १६३३ साली आकडा तोच पुढे चालवला, पण वर्ष चांद्र केलं. दरवर्षी अकरा दिवस कमी. पंधरा वर्षं इथे आहात, रमजान दरवर्षी अलीकडे येतो तो पाहिला नाहीत?"

"मग किती येतं?" केळकरांनी विचारलं.

"१८११."

"अरे वा! तो तर कित्येक महिने दिसत होता!"

पाठाऱ्यांचे कान लाल झाले. पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं. "वहिनी, प्रूफ तुमच्याच हातात होतं. सांगायचं होतंत."

"विचारायचं होतंत."

त्यानंतर त्यांनी मंडळात माईक धरला नाही. मला त्याचं आजही समाधान आहे.

दुसऱ्या दिवशी वागिनेमने विचारलं, "टीचर, आपको पहले से मालूम था?"

"हाँ."

"तो फिर सबको हँसने क्यों दिया?"

ती आणखी तीन वर्षं शाळेत होती. मधल्या सुट्टीत मी वही उघडून बसायची. ती समोरून जाताना मान हलवून नमस्कार करायची आणि पोरांचे डबे गोळा करायला निघून जायची.