ढीग एक करणारी फळी

तुरीच्या दाण्याच्या कडेला एक पांढरट डोळा असतो. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. दाणा शेंगेला तिथेच जोडलेला असतो, आणि सुटल्यावर ती खूण त्याच्या अंगावर राहते. आपण कुठून आलो याची आठवण प्रत्येक दाणा जवळ बाळगतो. आणि मित्रांनो, ती आठवण हरवून टाकण्याचं काम बावीस वर्षं मी केलं.

मी लातूरच्या एका डाळ मिलमधली जुनी लाकडी फळी आहे. बाभळीची, हातभर रुंद, मागे लांब दांडा. शिरूर अनंतपाळच्या सुताराने मला घडवलं ते एकाच कामासाठी. गावोगावची तूर फरशीवर ओतली की मला ओढत फिरवायचं आणि सगळ्यांचा एक ढीग करायचा. तांबडी, पांढरी, बारीक, टपोरी, सगळी माझ्याखाली एक होऊन जायची. मालक चन्नबसप्पा कौतुकाने म्हणायचे, "हिच्यासारखं मिसळणारं कुणी न्हाई." मी फुलून जायची.

तीन वर्षांपूर्वी परदेशातल्या खरेदीदाराने कळवलं की यापुढे प्रत्येक पोत्यावर ठिपक्यांचा चौकोन हवा. त्याच्यावर मोबाइल धरला की तूर कोणत्या शेतातली, काय फवारलं, पाणी किती दिलं, सगळं दिसलं पाहिजे. मालकांची मुलगी शिवानी रसायनशास्त्र शिकलेली. ती गावोगाव हिंडली. चाळीस शेतकऱ्यांना तिने शेताच्या बांधावरून फोटो काढायला आणि फवारणीची वही ठेवायला शिकवलं. छापलेले चौकोन आले तेव्हा मिलमध्ये जत्रेसारखी गर्दी झाली.

"आता तुरीचा बी सातबारा निघायलाय म्हणा की, ताई!" मुकादम दयानंद हसला.

"निघू द्या, मामा. पोतं कुणी उतरवलं, तेबी लिहिते."

"माझं नगं! पोतं फाटलं तर मलाच धरताल."

सगळं तयार झालं, फक्त ढीग तसाच राहिला. शिवानी विचारायची, "अप्पा, शेताशेताची तूर न्यारी कधी ठेवायची?" मालक म्हणायचे, "बघू की." तीन हंगाम 'बघू की'मध्येच गेले.

यंदा ते चालणार नव्हतं. खरेदीदाराचा माणूस दुसऱ्या दिवशी तपासणीला येणार होता. तूर मिसळलेली दिसली की चाळीसही जणांची नावं खरेदीदाराच्या यादीतून जाणार होती. सकाळीच किल्लारीच्या चांगुणाबाईंची पोती उतरली आणि फरशीवर ओतली गेली. त्यांनी हंगामभर नुसता निंबोळीचा अर्क फवारला होता आणि प्रत्येक फवारणी वहीत टिपली होती. शेजारी नायगावच्या पंढरीची तूर आधीच ओतलेली होती. दयानंदने सवयीने माझा दांडा धरला. खरं सांगते, मित्रांनो, आपल्याला ओढू नये असं मला पहिल्यांदाच वाटलं.

चांगुणाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "अप्पा, ही ढिगात गेली की माझी वही खोटी पडंल."

"बाई, ढीग हाय म्हणून कुणाचं उणं दिसत न्हाई," मालक हळूच म्हणाले. "एकाची तूर उजवी ठरली की दुसऱ्याचं तोंड उतरतं. चाळीस घरं जोडलेली हायेत माझी."

"मागल्या साली माझीच तूर किडकी होती. ठावं हाय तुमाला?"

"न्हाई."

"मला बी नव्हतं. ढिगात झाकली गेली. शिवानीताईनं यंदा शेंगा फोडून अळी दाखवली, तवा मागल्या दाण्यांवरली भोकं कशाची ते कळलं. आधी कळलं असतं तर एक साल वाया गेलं नसतं, अप्पा."

मालक तुरीपाशी उकिडवे बसले आणि मूठभर दाणे निरखू लागले. ज्या कामासाठी मला शाबासकी मिळाली, त्याच कामाने या बाईचं एक वर्ष खाल्लं होतं! मित्रांनो, वरण-भाताचा घास घेताना कधी तरी विचारा, ही डाळ कुणाच्या शेतातली? विचारणारं कुणी असलं की पिकवणाराही जपून पिकवतो. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तू टाकू नका. त्यांना नवं काम द्या.

मालक उठले. दयानंदच्या हातून त्यांनी मला घेतलं, उपरण्याने पुसलं आणि दोन्ही तुरींच्या मधोमध आडवं ठेवलं. माझ्या एका अंगाला नायगाव, दुसऱ्या अंगाला किल्लारी. बाभळीच्या जुन्या लाकडाला पालवी फुटत नाही म्हणतात, पण त्या क्षणी मला तसंच वाटलं.

मग ते शिवानीकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ढीग करायचा न्हाई. आजपासून ज्याची त्याची रास न्यारी."